मुलाच्या दम्यासाठी कुणासोबत दवाखान्यात जाताना

तुमचं इंग्रजी बरं आहे, गाडी आहे आणि मंगळवारी सुट्टी आहे, एवढ्या भांडवलावर कधी ना कधी कुणीतरी तुम्हाला म्हणणारच, "पोराला दमा आहे, डॉक्टरांकडे जरा सोबत याल का?" कधी ती मोटेलमध्ये काम करणारी आपल्याकडचीच ताई असते, कधी शेजारची मेक्सिकोहून आलेली बाई, कधी ऑफिसची साफसफाई करणाऱ्याची बहीण. मी कॅलिफोर्नियात, सॅन होकिन व्हॅलीत, दमा असलेल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना औषधं कशी घ्यायची ते शिकवते. मूळची रेस्पिरेटरी थेरपिस्ट. माझ्यासमोर येणारी बहुतेक मुलं मेडी-कॅलवर, म्हणजे इथल्या मेडिकेडवर (कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सरकारी विम्यावर) असतात. घरी बोलणं स्पॅनिश, पंजाबी, ह्माँग, मिश्तेको, क्वचित मराठी. सोबत येणारी माणसं मनापासून येतात, आणि पुष्कळदा त्यांच्या मदतीतच कामाचं काहीतरी निसटून जातं. ते निसटू नये म्हणून काय काय करायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी एक समज बाजूला ठेवा: विमा मिळाला की उपचार सारखे झाले. २००२ साली कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्समधल्या मेडिकेडच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विमा एकच, म्हणजे घरची परिस्थितीही साधारण तशीच. तरीही कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचा दमा गोऱ्या मुलांपेक्षा जास्त बिघडलेला होता, आणि रोज घ्यायचं प्रतिबंधक औषध तीच मुलं कमी घेत होती. हे वाचल्यावर "त्यांच्यात असंच असतं" म्हणणं फार सोपं आहे. पण 'त्यांच्यात' म्हणजे कुणात? लॅटिनो या एका खणात पोर्तो रिकोची मुलं येतात, ज्यांच्यात दम्याचं प्रमाण या देशात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे, आणि मेक्सिकन वंशाची मुलंही येतात, ज्यांच्यात ते बरंच कमी आहे. 'एशियन' हाही तसाच खण, त्यात फिलिपिनो आणि आपण एकत्र. म्हणून खणावरून अंदाज बांधू नका. समोरच्या मुलाला रोजचं औषध लिहून दिलंय का, ते घरी पोचलंय का आणि ते फुप्फुसात जातंय का, एवढं बघा. फरक पडतो तो याच तीन ठिकाणी.

जायच्या आधी

अपॉइंटमेंट घेतानाच भाषा सांगायची. क्लिनिकच्या अर्जावर 'पसंतीची भाषा' असा एक रकाना असतो. आपल्या लोकांची गंमत अशी की तिथे हमखास 'इंग्रजी' लिहितात. कमीपणा वाटतो, दुसरं काय. दुकानात हिशेब करण्यापुरतं इंग्रजी येणं वेगळं आणि मध्यरात्री मुलाचा श्वास कसा होता हे इंग्रजीत सांगणं वेगळं. रकान्यात इंग्रजी लिहिलं की संगणकात तेच जातं, मग दुभाषा येत नाही आणि घरी पाठवायचे कागदही इंग्रजीत येतात. आईची जी भाषा असेल तीच लिहायला सांगा.

फोनवर विचारतात, "हिंदी चालेल ना?" चालतं, आपलं पुष्कळसं चालतं. पण ज्या माउलीचं हिंदी टीव्हीपुरतं आहे तिला चालत नाही, ती नुसती मान हलवत राहते. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यातून शेतमजुरीला आलेल्या मिश्तेको किंवा त्रिकी कुटुंबांची भाषा स्पॅनिशहून अगदी वेगळी, आणि त्यांचंही हेच होतं: मेक्सिकोचे आहेत ना, मग द्या स्पॅनिश दुभाषा. "नाही, मराठीच हवा" किंवा "मिश्तेको, आणि कुठल्या गावाकडची ते लिहून घ्या" असं आधी सांगितलं तर फोनवरचा किंवा व्हिडिओवरचा दुभाषा ठरवायला क्लिनिकला वेळ मिळतो. ऐन वेळी अशी भाषा मागितली तर ताटकळावं लागतं आणि डॉक्टरांची पंधरा मिनिटं त्यातच जातात.

याचे पैसे पडत नाहीत. २००० सालचा राष्ट्राध्यक्षांचा भाषासेवेबद्दलचा आदेश मार्च २०२५ मध्ये रद्द झाला, तेव्हापासून "आता दुभाषा मिळत नाही म्हणे" अशी आवई उठली आहे. तो आदेश वेगळा, कायदा वेगळा. १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि २०१० च्या आरोग्य विमा कायद्याचं कलम १५५७ आहेत तिथेच आहेत, आणि त्यांच्या आधारावर सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याकडे दुभाषा फुकट मागता येतो. मेडी-कॅल योजनेच्या कार्डाच्या मागे सदस्यांसाठीचा नंबर असतो, तिथूनही मागता येतो. गाडी नसेल तर दवाखान्यात नेण्याआणण्याची सोयही मेडिकेडमध्ये आहे, तीही त्याच फोनवर विचारा. म्हणजे तुमची मंगळवारची सुट्टी प्रत्येक वेळी लागणार नाही.

निघताना आईला सांगा, घरातले सगळे पंप, म्हणजे इनहेलर, एका पिशवीत घ्या. रिकामे, जुने, शेजारणीने दिलेले, दप्तरात सापडलेले, सगळे. स्पेसर (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी) आणि मास्कसुद्धा. घरी एखादं चाटण, काढा, व्हिक्स वापरत असतील तर तेही आणू द्या. व्हिक्स आपल्याकडे जितकं चालतं तितकंच मेक्सिकन घरांतही चालतं. त्यावर हसू नका. एकदा हसलात की पुढच्या वेळी ती बाई घरात काय करते ते सांगायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला ते लावायचं नाही असं डबीवरच लिहिलेलं असतं, आणि काही मुलांना त्या वासानेच खोकला सुटतो. हे डॉक्टरांनी सांगू दे.

खोलीत तुमची जागा

तुम्ही दुभाष्याचं काम करायचं नाही. इंग्रजी फर्डं असलं तरी नाही. हे ऐकून लोक नाराज होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डॉक्टर विचारतात, खोकला कसा आहे? आई सांगते: "दिवसा बरा असतो. पण पळून आला की खोकतो, आणि रात्री दोनच्या सुमाराला उठून बसतो. मग मी त्याला खांद्यावर घेऊन बसते. तो निळा पंप दिला की झोपतो. परवा तो पण संपला, मग बहिणीच्या मुलाचा दिला." सोबतची व्यक्ती सांगते, "रात्री थोडा खोकला येतो म्हणतात." वाक्य चुकीचं नाही. पण पळाल्यावरचा खोकला गेला, रात्रीची वेळ गेली, पंप संपल्याचं गेलं आणि दुसऱ्याचं औषध दिल्याचं गेलं. डॉक्टरांना रोजचं औषध वाढवायचं की नाही ते या चार गोष्टींवरून ठरवायचं होतं. तुम्ही जवळचे आहात म्हणून आईची लाज राखता, आणि नेमकं तेच गाळता. शिकलेला दुभाषा सगळं सांगतो, बहिणीच्या मुलाचा पंपसुद्धा.

नियमही तसाच आहे. कलम १५५७ च्या २०२४ च्या नियमांनुसार लहान मुलांना दुभाषा म्हणून वापरायचं नाही, अपवाद फक्त तातडीच्या प्रसंगाचा, तोही खरा दुभाषा मिळेपर्यंत. सोबतच्या मोठ्या माणसाला वापरायचं तर रुग्णाच्या घरच्यांनी स्वतः तसं मागायला हवं, आणि ते मागणं खाजगीत, खऱ्या दुभाष्यासमोर झालेलं असायला हवं. दहा वर्षांची ताई भावाच्या दम्याबद्दल आईला समजावते आहे हे दृश्य आजही दिसतं. दिसलं तर तिथल्या तिथे म्हणा, "आपण दुभाष्याची वाट बघू."

मग तुम्ही करायचं काय? आईच्या मागे किंवा बाजूला बसा, डॉक्टरांच्या समोर नको. समोर बसलात की डॉक्टर तुमच्याशी बोलायला लागतात आणि आई आपल्याच मुलाच्या भेटीत पाहुणी होते. दुभाषा टॅबलेटवर असेल तर त्याचं तोंड आईकडे वळवा. डॉक्टर "तिला विचारा की" असं म्हणायला लागले तर आईकडे बघून हसा, बहुतेक डॉक्टरांना तेवढं पुरतं. दुभाष्याची भाषा जुळत नसेल, आवाज तुटत असेल, तो तीन वाक्यांचं एक करत असेल, तर थांबवून दुसरा मागा. आणि वहीत लिहा: आई काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांच्या.

चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी दमा आटोक्यात आहे का हे बघायचा सात प्रश्नांचा एक कागद असतो. पहिले चार मुलाने स्वतः भरायचे, पुढचे तीन पालकांनी. १९ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दमा आटोक्यात नाही. बाहेर वाट बघताना हा कागद हातात येतो आणि सोबतचा माणूस वेळ वाचावा म्हणून भराभर खुणा करून टाकतो. करू नका. आईच्या भाषेतला कागद मागा, नसेल तर आत दुभाष्याबरोबर भरू असं सांगा. "कसा आहे?" या प्रश्नाला गरीब घरातली आई "ठीक आहे" म्हणते, कारण मूल शाळेत जातंय म्हणजे तिच्या हिशेबाने ठीकच आहे. "गेल्या आठवड्यात कुठल्या रात्री उठला?" असं विचारलं की मग खरं निघतं. साधारण खूण लक्षात ठेवा: धाप कमी करणारा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त दिवस लागत असेल, किंवा शाळेच्या वयाचं मूल महिन्यात एकाहून जास्त रात्री खोकत उठत असेल, तर बोलायला हवं.

फुंकायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली असेल तर एक जादाची गोष्ट. या यंत्रात मुलाचा वंश भरायचा रकाना असायचा आणि त्यावरून 'नॉर्मल' किती ते ठरायचं. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये तो वंशाचा हिशेब सोडायची शिफारस केली. जुन्या अहवालावर 'नॉर्मल' आहे आणि मूल तर रात्ररात्र खोकतंय, असं असेल तर "हा आकडा कुठल्या मापाने काढला?" हे आईला दुभाष्यामार्फत डॉक्टरांना विचारू द्या. रास्त प्रश्न आहे.

दोन पंप

दम्यात दोन गोष्टी होतात. श्वासनळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आणि नळ्यांचं आतलं अस्तर सुजतं. अल्ब्युटेरॉल (भारतात साल्ब्युटामॉल म्हणतात तेच) आवळलेले स्नायू सैल करतं, पाचदहा मिनिटांत आराम पडतो. सुजेवर त्याचा उपयोग नाही. सूज उतरवणारा तो रोजचा पंप, स्टिरॉइडचा. त्याने लगेच काही वाटत नाही, आठवडे लागतात. म्हणून घराघरात न्याय उलटा होतो: लगेच आराम देणारा खरा, रोजचा बिनकामाचा. त्यात डॉक्टर घाईत म्हणतात "दोन्ही चालू ठेवा", आणि ते भाषांतरात "दोन्ही गरजेला घ्या" असं पोचतं.

पिशवीतले पंप टेबलावर मांडा आणि आईला एकेकाला हात लावून सांगू द्या, हा कधी आणि हा कशासाठी. नाव आणि रंग यांच्यावर विसंबू नका. २०२४ च्या सुरुवातीला फ्लोव्हेंट या नावाचा रोजचा पंप इथल्या बाजारातून गेला. तेच औषध, फ्लुटिकासोन, दुसऱ्या खोक्यात मिळायला लागलं किंवा विम्याने भलताच पंप पुढे केला. नवं खोकं बघून कितीतरी आयांनी जुना संपल्यावर नवा सुरूच केला नाही, किंवा दोन्ही सुरू ठेवले. शिवाय २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनंतर चार वर्षांवरच्या काही मुलांना रोजसाठी आणि धापेसाठी एकच पंप देतात, बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला. हे सोयीचं आहे, पण मग जुना अल्ब्युटेरॉल ठेवायचा की नाही हे स्पष्ट विचारून घ्या.

पंपावरचा आकडा बघायला शिका. १२० फवाऱ्यांचा रोजचा पंप, सकाळी दोन, रात्री दोन, म्हणजे तीस दिवसांत शून्यावर यायला हवा. महिन्याने आकडा ९० असेल तर औषध जात नाहीये. इथे वकिली करू नका आणि ओरडूही नका. विचारा, सकाळी कोण देतं? आमच्या व्हॅलीत आईबाप पहाटे अंधारात शेतावर निघून जातात, सकाळचे फवारे तेरा वर्षांचा भाऊ देतो, आणि त्याला कुणीच शिकवलेलं नसतं. असं कळलं तर दोन वाटा आहेत. त्या भावाला पुढच्या भेटीला आणा, किंवा सकाळचा डोस शाळेतल्या नर्ससमोर देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात शाळेत रोजचं औषध देऊन पाहिलं, आणि मुलांचे त्रासाचे दिवस कमी झाले.

स्टिरॉइडची भीती सगळ्याच भाषांत आहे. "पंपाची सवय लागते", "वाढ खुंटते". सवय लागत नाही. वाढीबद्दल मात्र "काही होत नाही" असं ठोकून देऊ नका, आया हुशार असतात. एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात मुलं मोठी होईपर्यंत पाठपुरावा केला, तेव्हा लहानपणी काही वर्षं रोज बुडेसोनाइड हे स्टिरॉइड घेतलेल्यांची उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. डॉक्टरांना हा आकडा आईसमोर सांगायला लावा, आणि मग रात्रीची झोप, शाळा, इमर्जन्सीच्या फेऱ्या हे पलीकडच्या पारड्यात मांडू द्या. खरा आकडा ऐकून औषध सोडणारी आई मी तरी पाहिलेली नाही. सोडतात त्या अर्धवट ऐकून.

आता हाताचं काम. "समजलं का?" असं विचारलं की सगळे "हो" म्हणतात. त्यामुळे नर्सला सांगा, "त्यांना करून दाखवू द्या." आणि नर्सलाच आईला असं सांगू द्या की आम्ही नीट शिकवलं का ते बघायचंय, परीक्षा तुमची नाही. मग तुम्ही हे बघा:

- टोपण काढलं का. (हसू नका, टोपणासकट दाबणारे आहेत.) पंप खडखडून हलवला का. नवा पंप असेल तर आधी हवेत तीनचार फवारे सोडायचे, नेमके किती ते खोक्यावर असतं.
- स्पेसर आहे का. नसेल तर आजच लिहून मागा. लहानांना मास्क, आणि तो नाकातोंडावर गच्च. गाल आणि मास्क यांच्यात फट राहिली की औषध खोलीला मिळतं.
- एका वेळी एकच फवारा. मास्क लावून साधारण सहा श्वास. मोठं मूल असेल तर ओठ मिटून हळू, खोल एक श्वास आणि दहापर्यंत रोखायचा. मग पंप पुन्हा हलवून दुसरा फवारा. दोन फवारे एकदम आत सोडून घाई करणारे पुष्कळ.
- काही स्पेसर शिटी मारतात. शिटी वाजली की आई खूश होते आणि मूल मुद्दाम वाजवतं. ती शिटी 'फार जोरात ओढतोयस' असं सांगत असते.
- रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची. मास्क लावला असेल तर तोंडही पुसायचं.

स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून धुवायचा आणि तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने आतून पुसला की प्लॅस्टिकला औषध चिकटून बसतं. आणि कुणी "पंप नको, वाफेचं मशीन द्या, ते जोरदार असतं" (म्हणजे नेब्युलायझर) म्हणालं तर नर्सला सांगू द्या की साध्या आणि मध्यम धापेला स्पेसरमधून नीट घेतलेला पंप मशीनइतकाच चालतो.

हिरवा, पिवळा, लाल

भेट संपताना हातात एक रंगीत कागद यायला हवा: हिरव्यात रोजचं औषध, पिवळ्यात त्रास सुरू झाल्यावर काय, लालमध्ये ताबडतोब काय. त्याशिवाय उठू नका. हा कागद आईच्या भाषेत हवा. क्लिनिकने तिथल्या तिथे संगणकावरून भाषांतर काढून दिलं तर माणसाने तपासलंय का ते विचारा. असं महत्त्वाचं लिखाण यंत्राने केलेलं असेल तर लायक माणसाने तपासायचं, हेही २०२४ च्या नियमांत आहे. मराठी मिळत नसेल तर दुभाषा लाइनवर असतानाच आईने स्वतःच्या अक्षरात इंग्रजी कागदावर शेजारी लिहून घ्यावं. आई लिहिणारी नसेल तर फोनवर तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. मिश्तेको घरांत मी हेच करते, कारण त्या भाषेत वाचणारे फार थोडे.

आमच्या भागात आणखी एक घोळ आहे. शाळांवर हवेच्या प्रदूषणाचे झेंडे लागतात, तेही हिरवे, पिवळे, केशरी, लाल. ऑगस्ट ते ऑक्टोबर बदामाची झाडं यंत्राने हलवून पीक काढतात, धूळच धूळ, त्यात वणव्यांचा धूर. झेंडा पिवळा आणि मूल हिरव्यात, किंवा उलट, असं रोज होतं. झेंडा हवेचा आणि कागद मुलाचा, हे एकदा मुलासमोर सांगून टाका. झेंडा कुठलाही असो, मूल खोकायला लागलं की कागद बघायचा.

कागदाच्या तीन प्रती: घरी, शाळेत, आणि जो कुणी संध्याकाळी सांभाळतो त्याच्याकडे. मुलाला शाळेत पंप जवळ ठेवायची मुभा देणारे कायदे पन्नासही राज्यांत आहेत, पण शाळेला डॉक्टरांची आणि पालकांची सही लागते. तो फॉर्म भेटीतच भरून घ्या.

लाल रंगाबद्दल एक गोष्ट छापील कागदावर बहुतेक नसते. 'ओठ निळे पडणे' ही खूण गोऱ्या मुलावर बघून लिहिलेली आहे. सावळ्या आणि काळ्या मुलांत ते राखाडी किंवा पांढुरके दिसतात. हिरड्या, जीभ आणि नखांखाली बघायला शिकवा. घरात बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र असेल तर त्याच्यावर पूर्ण भरवसा नको: गडद त्वचेत ते आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतं, हे २०२० च्या अभ्यासातून पुढे आलं. मुलाकडे बघा. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते का, गळ्याच्या खळगीत खड्डा पडतो का, नाकपुड्या फुलतात का, एक वाक्य सलग बोलता येतं का. यातलं काही दिसलं, किंवा पंप देऊनही आराम पडेना, तर कागदावर लिहिलेत तेवढे फवारे द्यायचे आणि ९११. तिथे मात्र भाषेचा आग्रह धरायचा नाही, जी सगळ्यात लवकर मिळेल ती. 'हिंदी' किंवा 'स्पॅनिश' एवढा एक शब्द म्हटला तरी दुभाषा जोडून देतात. आईकडून एकदा पत्ता इंग्रजीत पाठ करून घ्या.

औषधाचं दुकान आणि घर

घरी जाताना दुकानात थांबा, औषध घेऊनच जा. मेडी-कॅलवरच्या मुलांना या औषधांसाठी पदरचे पैसे द्यावे लागू नयेत. मागितले, किंवा "मंजुरी लागेल" म्हणाले, तर रिकाम्या हाताने परतू नका, तिथूनच क्लिनिकला फोन लावा. बाटलीवरच्या सूचना कॅलिफोर्नियात पाच भाषांत मागता येतात: स्पॅनिश, चिनी, कोरियन, रशियन आणि व्हिएतनामी. मराठी त्यात नाही, पंजाबी नाही, ह्माँगही नाही. तेव्हा फार्मासिस्टला फोनवर दुभाषा लावून समजावायला सांगा, आणि खोक्यावर सूर्य-चंद्र काढून घ्या: सकाळी किती, रात्री किती.

घराबद्दल बोलताना जीभ सांभाळा. गरीब वस्तीतल्या मुलांमध्ये झुरळांची ॲलर्जी दमा किती बिघडवते हे १९९७ मध्येच एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. पण झुरळं आणि भिंतीची बुरशी ही भाडेकरूच्या अस्वच्छतेपेक्षा घरमालकाच्या गळक्या पाइपची देणगी असते. "घर स्वच्छ ठेवा" या सल्ल्याने आई जाऊन ब्लीच ओतते आणि त्या वासाने मूल आणखी खोकतं. डॉक्टरांकडून घरमालकाच्या नावे पत्र मागा. मेडी-कॅलमध्ये जुलै २०२२ पासून दम्यासाठी घरी येऊन शिकवण्याची सेवा आहे, आणि काही योजनांतून गादीचं आवरण, हवा गाळायचं यंत्र, कीड नियंत्रण अशा घरातल्या सुधारणांना एका व्यक्तीमागे आयुष्यभरात ७,५०० डॉलरपर्यंत मदत मिळते. ही सेवा मागितल्याशिवाय फारसं कुणी सांगत नाही. मराठी घर असेल तर अगरबत्ती, धूप आणि खिडकी न उघडता दिलेली मिरचीची फोडणी यांचीही चौकशी करा. हे विचारायला मात्र तुमच्याइतकं योग्य कुणी नाही, दुभाष्याला ते सुचायचं नाही.

शेवटचं काम काउंटरवर. पुढची तारीख चार ते सहा आठवड्यांतली घ्या, त्या नोंदीपुढे दुभाष्याची भाषा लिहिली आहे का ते पडद्यावर दाखवायला सांगा, आणि मेडी-कॅलचं नूतनीकरण कुठल्या महिन्यात आहे ते विचारून ठेवा. ते पाकीट पुष्कळदा इंग्रजीत येतं आणि जाहिरात समजून टाकून दिलं जातं. आलं की फोटो काढून पाठवायला सांगा. यासाठी तुमचं इंग्रजी अगदी मनसोक्त वापरा.